डबा शोभाचा होता

नऊ वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा काढलं, तेही तुकड्या-तुकड्यानं—ज्याला जेवढं सांगायचं होतं तेवढंच. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग, असं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. मध्ये अडखळेन. पण सोडणार नाही, एवढं ठरवून बसले आहे.

माझं नाव मंदा. सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला आमचं गाव. आम्हा अकरा बायांचा एक बचत गट आहे. दशम्या, जवसाची चटणी, चिवडा, लाडू—असं करून विकतो. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काय खपतं, सांगू? विमानाचा डबा. आमच्या भागातली पोरं आता बंगळुरूला, हैदराबादला नोकरीला लागली. ती आई-बापाला विमानाचं तिकीट पाठवतात. तिकीट पोरगं काढतं हो, पण विमानतळावर एक चहा घ्यायचा म्हटलं तरी म्हाताऱ्या माणसाचा जीव खालीवर होतो. त्या पैशात इथं अख्ख्या घराचा चहा होतो. मग माणसं आमच्याकडून डबा नेतात. फोनवर मलाच विचारतात—काय नेता येतं, काय नाही? मी सांगते, तेलाचं लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, काढून घेतात. चटणी कोरडी न्या. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाली की आत भरून घ्या. दशमी प्लास्टिकमध्ये बांधू नका, घाम सुटतो, सुती फडक्यात बांधा.

मला इकडं विमानवाल्या बाई म्हणतात. गटाच्या खोलीत माझा फोटो आहे—दिल्लीच्या मेळ्यातला, हातात दशम्यांचं ताट धरलेला.

त्या ताटातल्या दशम्या मी केलेल्या नव्हत्या.

हे पहिलं. आणि हे सोपं आहे—म्हणून आधी सांगून टाकलं. दशम्या शोभाच्या होत्या. शोभा माझी धाकटी जाऊ. आमची दोन घरं, मध्ये एक अंगण. ती मला अक्का म्हणायची. तिच्या हाताला काय आहे, मला आजवर कळलेलं नाही. तेच ज्वारीचं पीठ, तेच दूध, तोच तवा, पण तिची दशमी चौथ्या दिवशीही मऊ राहते. मी दहावी झालेली, गटाची सचिव. गटाचे अर्ज मी लिहायचे, बँकेत मी जायचे, साहेबलोकांशी बोलायला मी. शोभा सातवीत शाळा सोडलेली, चार माणसांत पदर नीट करत मागं उभी राहणारी. पण गावात पाहुणा आला आणि त्यानं आमच्या गटाचं खाल्लं की विचारायचा, "कुनी केलं हे?" मग सगळ्या बाया शोभाकडं बघायच्या.

मला ते आवडायचं नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागले—आवडायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी दिल्लीला एक मेळा होता. गावोगावचे पदार्थ, ते करणाऱ्या बाया. आमच्या जिल्ह्यातून पाच-सहा जणी जाणार होत्या. हैदराबादपर्यंत रेल्वे, तिथून विमान. तिकीट, राहणं सगळं सरकारी. वाटेतलं खाणं तेवढं आपलं आपण बघायचं. तेव्हा आमच्या गावातून कुणी बाई विमानात बसलेली नव्हती. मी घरात सांगितलं की माझं नाव आलंय. नवऱ्यानं चौकात पेढे वाटले.

आणि शोभा? तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. तिचा भाऊ आखातात गवंडीकामाला जाऊन आलेला. तिनं त्याला फोन करून सगळं विचारून घेतलं—विमानात काय चालतं, काय चालत नाही. मी आज फोनवर लोकांना जे शिकवते ना, ते सगळं तिनं तेव्हा विचारलेलं आहे. ती येऊन मला म्हणाली, "अक्का, तिथं चा बी लई महाग हाय म्हनं. भाऊ सांगून राहिला होता. तुमी काहीच इकत घेऊ नका, मी बांधून देते." दोन दिवस ती चुलीपुढून हलली नाही. तीन गाठोडी केली. एक जाताना खायचं, एक तिथं मुक्कामात, एक येतानाचं. येतानाच्या गाठोड्यात दशम्या नव्हत्या, तोवर टिकणार नाहीत म्हणून—लाह्यांचा चिवडा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. विमानात जागा चिंचोळी असते असं भाऊ म्हणाला होता, तर तिनं दशम्या नेहमीपेक्षा लहान थापल्या. मांडीवर मावतील एवढ्या.

एवढा विचार कोण करतं? कुणासाठी करतं?

विमानात मी ते गाठोडं सोडलं. शेजारी एक शिकलेली बाई होती, हैदराबादचीच, पण मराठी कळणारी. तिला एक दशमी दिली, चटणी लावून. खाल्ली आणि म्हणाली, इतकं मऊ कसं? तुम्हीच करता? मी हो म्हणाले. खाली ढग होते आणि मी हो म्हणाले. तुम्हाला वाटेल, घास माझ्या घशात अडकला असेल. नाही अडकला. मी चार दशम्या खाल्ल्या आणि त्या मला फार गोड लागल्या. खोटं बोलून खाल्लेलं अन्न कडू लागतं असं मी तरी अनुभवलेलं नाही.

मेळ्यात मला सगळ्यांपुढं दशमी करून दाखवायला सांगितली. माझे काठ फाटले. दुसरी केली, तीही तव्यावर टाकताना मोडली. मी म्हणाले, इथलं पीठ वेगळं आहे. आणि पिशवीतून शोभाच्या काढून ताटात मांडल्या. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. तो फोटो मी घरी आणला तर शोभानंच नवऱ्याला पुसेगावला पाठवून फोटोला चौकट करून आणली आणि तो गटाच्या खोलीत खिळा ठोकून लावला.

इथपर्यंत आले. आता पुढचं. हे सांगताना हात थांबतो—पण सांगायचंच आहे.

दिल्लीसाठी माझं नाव आलेलंच नव्हतं.

फोन माझ्याकडं आला होता, कारण गटाचा नंबर माझा. दुपारची वेळ. मी अंगणात उभी होते. समोर शोभाचं दार उघडं होतं आणि आतून तिच्या दशमी थापण्याचा आवाज येत होता—थप, थप. तालुक्यातल्या साहेबांनी विचारलं, दशम्या करणाऱ्या शोभाबाई तुमच्याच गटात ना? त्यांचं नाव वरून पक्कं होऊन आलंय, कागदपत्रं पाठवा.

मी काय करायला पाहिजे होतं? दहा पावलं चालून तिला फोन द्यायचा होता. दहा पावलं.

मी म्हणाले, "साहेब, तिला न्हाई जमायचं. तिला फिट येते."

फिट. असा शब्द मी आधी ठरवलेला नव्हता. शोभाला आयुष्यात कधी चक्करसुद्धा आलेली नाही. भीती वाटते, लेकरं आहेत, नवरा पाठवत नाही—असं काहीही सांगता आलं असतं. पण त्यावर साहेब म्हणाले असते, समजावा त्यांना. फिट म्हटलं की पुढं बोलणंच संपतं. हे माझ्या डोक्याला त्या एका श्वासात बरोबर कळलं. साहेब दचकलेच. म्हणाले, मग विमानात जोखीम नको हो. तुमचं लिहू का? मी म्हणाले, "लिहा."

आत थापण्याचा आवाज चालूच होता.

म्हणजे काय झालं, बघा. मी तिची जागा घेतली, आणि त्या जागेवर बसून खायचा डबा तिच्याकडूनच बांधून घेतला. तीन गाठोडी. मला वाटलं, इथं संपलं. दिल्ली झाली, परत आले, कुणाला काही कळलं नाही. शोभाला कधी कुठल्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं नाही, ते का आलं नाही हेही कुणाला कळलं नाही. मला कळत होतं.

पण बोललेलं राहतं कुठंतरी.

दोन वर्षांनी शोभाच्या पोरीची, पल्लवीची, सोयरीक डोंगरकड्याला जुळत आली. मुलगा चांगला, शेती बरी, माणसं समजूतदार. बघणं झालं. पल्लवीला मुलगा पसंत होता. ती तसं बोलली नाही, पण त्या दिवसांत ती अंगण झाडतानासुद्धा गुणगुणायची. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी राहिली होती. आणि मग तिकडून निरोप आला—पुढं बघू. पुढं बघू म्हणजे काय, ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं.

शोभाला कारण सापडेना. रोज येऊन मला विचारायची, काहून झालं असंल, अक्का? जेवणात कमी पडलं का? मी मुलाच्या आईशी जास्ती बोलले का? शेवटी तिनंच ठरवून टाकलं की आपल्याच बोलण्यात काहीतरी चुकलं. तेव्हापासून घरी पाहुणे आले की ती पुढं येत नाही. आत राहून ताटं वाढते आणि पोरीच्या हाती बाहेर पाठवते.

मला कारण आठ दिवसांत कळलं होतं. ज्यांनी सोयरीक आणली होती ते मध्यस्थ मला सेनगावच्या स्टँडवर भेटले. बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या जावेला फिट येते म्हणे, पोरीत उतरलं तर? आधी सांगायला पाहिजे होतं. त्यांना कुणी सांगितलं हे मी विचारलं. तालुक्यातले ते साहेब मुलाच्या मामाच्या ओळखीचे निघाले. त्यांनी काही वाईट मनानं सांगितलेलं नव्हतं. माझ्याकडून ऐकलेलं खरं समजून सांगितलं होतं.

मध्यस्थ माझ्याकडं बघत होते. त्यांना माझ्याकडून एवढंच पाहिजे होतं—छे, असं काही नाही. चार शब्द. तिथं एका वाक्यात ती सोयरीक पुन्हा जुळली असती. पण पुढं प्रश्न आला असता, मग असं कोण बोललं? आणि साहेबांनी माझं नाव घेतलं असतं.

मी म्हणाले, मला काही ठाऊक न्हाई. आणि जीपमध्ये जाऊन बसले.

दिल्लीचं खोटं मी एका श्वासात बोलले होते. हे मात्र विचार करून केलं. जीप भरेपर्यंत अर्धा तास थांबली होती, ते मध्यस्थ समोरच्या टपरीवर चहा पीत उभे होते, मला दिसत होते. अर्ध्या तासात मी उतरले नाही. घरी आले तर शोभा अंगणात होती. तिनं विचारलं, काही कळलं का? मी म्हणाले, नाही.

पल्लवी पुढं नर्सिंग शिकली, बंगळुरूच्या एका दवाखान्यात लागली. तिचं बरं चाललंय. पण ते तिच्या स्वतःच्या हिमतीवर, आणि ते इथं लिहून मला माझं ओझं हलकं करायचं नाही. तिच्या आईनं सात वर्षं स्वतःला दोष दिला, हे त्यानं पुसलं जात नाही.

मग आताच का सांगितलं? गेल्या महिन्यात पल्लवीनं आईला तिकीट पाठवलं. नांदेडहून विमान. शोभा पहिल्यांदा विमानात बसणार. तिनं आपला आपण डबा करायला घेतला. संध्याकाळी माझ्याकडं आली, हाताला पीठ तसंच. लाजत विचारलं, "अक्का, वर गेल्यावर चक्कर येती का हो? मला झेपंल ना?"

सगळ्या गावात तिनं हे कुणाला विचारावं?

मी तिला बसवलं आणि सांगितलं. फिरवून सांगितलं नाही. दिल्लीला तुझं नाव आलं होतं. मी तुला फिट येते म्हणाले आणि माझं लिहिलं.

ती कितीतरी वेळ हाताचं पीठ नखानं काढत राहिली. मला वाटलं, रडेल, ओरडेल. तिनं विचारलं, "माझं नाव तेंनी घेतलं होतं? शोभा म्हून?"

मी व्हय म्हणाले.

"दिल्लीवाल्यांनी?"

व्हय.

एवढ्या वर्षांत तिला वाटत होतं की या गावाबाहेर आपलं नाव कुणाला माहीत नाही. तिची विमानाची जागा मी घेतली हे मला कळत होतं. हे दुसरं मी घेतलं होतं, ते मला त्या क्षणापर्यंत कळलेलं नव्हतं.

मग तिच्या ध्यानात हळूहळू पुढचं यायला लागलं. मी बघत होते, तिच्या चेहऱ्यावर ते येताना दिसत होतं. "फिट," ती म्हणाली. "मंग डोंगरकड्याचं—" आणि थांबली. वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी पुरं केलं. स्टँडवरचं, जीपमधलं, सगळं सांगितलं. ती उठली. दारात जाऊन पाठमोरीच म्हणाली, "मला सोडाया नांदेडला येऊ नका." आणि गेली. तिच्या घरातून थोड्या वेळानं थापण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिच्या नवऱ्याबरोबर गाडीत बसून गेली. गाठोडं मांडीवर घेतलेलं होतं. मी खिडकीतून पाहिलं.

त्याच आठवड्यात गटाची बैठक होती. मी सगळ्या बायांपुढं उभी राहून बोलले. फोटो भिंतीवरून काढून खाली ठेवला, सचिवपद सोडल्याचं लिहून दिलं. एक जण उठून बाहेर जाऊन थुंकली. ती पानतंबाखू खाते, त्यासाठीच गेली असेल. नसेलही. नवऱ्याला त्या रात्री सांगितलं. तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

मग मी डोंगरकड्याला गेले. नवरा म्हणाला, आता तिथं कशाला? मी ऐकलं नाही. सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून पुढं, तीन गाड्या बदलून दुपारी पोचले. विचारत विचारत त्या मुलाच्या घरी गेले. मुलगा शेतात होता. त्याचं लग्न झालेलं, दोन लेकरं अंगणात खेळत होती. त्याची आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी ओळख सांगितली. तिनं तांब्या-पेला पुढं ठेवला.

मी म्हणाले, "शोभाला कधीच फिट आली न्हाई. मी खोटं बोलले होते. तिच्या पोरीत बी काही नव्हतं."

ती बाई सुपातल्या तुरीवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. आतून तिची सून डोकावून गेली. मग बाई हळू आवाजात म्हणाली, "आता काहून सांगून राहिल्या?"

वाटेत तीन गाड्यांत बसून मी बरंच काय काय ठरवलं होतं बोलायचं—त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हणाले, खरं हाय म्हणून.

"पोरगी चांगली होती," ती म्हणाली. "मला लई आवडली होती. तिच्या आईचं बोलणं बी."

शोभा सात वर्षं समजत होती की तिच्या बोलण्यात चुकलं. मी त्या बाईला ते सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि मला जायला सांगितलं. रागानं नाही, पण जा म्हणाली.

मी उठले. शोभा अजून बंगळुरूला आहे. परत आली की तिला सांगायचं एक आहे—मुलाच्या आईला तुझं बोलणं आवडलं होतं. ती माझ्या तोंडून ऐकून घेईल की दार लावेल, ठाऊक नाही. दार लावलं तर मी दाराबाहेर उभी राहून सांगेन. तिनं मला अक्का म्हणावं म्हणून नाही. ते तिचं आहे आणि तिला मिळालेलं नाही, म्हणून.